काचनळीतले चुंबकीय नॅनोकण मोजणारी कॉइल: कण बनवण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

काचनळीत दोन मिलि काळं पाणी आहे. त्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या चुंबकीय ऑक्साइडचे, कण मिलिलिटरला एक मिलिग्रॅम आहेत की पाच, हे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही सारखेच काळे दिसतात. रंग मोजणारं यंत्रही फसतं, कारण गंजलेले, चुंबकत्व गेलेले कणसुद्धा प्रकाश अडवतातच. तांब्याच्या तारेची कॉइल मात्र फक्त चुंबकत्व बघते. इथे तशी कॉइल, तिच्यासाठी लागणारे कण आणि दोन्ही जुळवून वाचन घेण्याची रीत दिली आहे. बीएस्सी-एमएस्सीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला पुरेल इतकं काम आहे. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचं असल्यामुळे कण बनवण्याचा भाग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखालीच करा. कॉइलचा भाग घरच्या टेबलावर चालेल.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ, कारण पुढची सगळी काळजी त्यातूनच येते. कॉइल आणि दोन कपॅसिटर मिळून साधारण १९८ किलोहर्ट्झवर डोलतात. कॉइलमध्ये चुंबकीय द्रव आला की तिचं इंडक्टन्स किंचित वाढतं आणि वारंवारता खाली येते. १० नॅनोमीटरच्या कणांचं मिलिलिटरला १ मिलिग्रॅम द्रावण घेतलं, तर त्याची चुंबकीय ग्रहणक्षमता, म्हणजे बाहेरच्या क्षेत्राने ते किती चुंबकित होतं, हजारात एकच्या आसपास भरते. नळीची काच आणि कॉइलमधली पोकळी वजा जाता कॉइलचा निम्माच भाग द्रवाने भरतो आणि वारंवारता इंडक्टन्सच्या वर्गमुळावर चालते. म्हणून हाती उरतात जेमतेम ५५ ते ६० हर्ट्झ, म्हणजे १९८ हजारांतले साठ. उन्हाची तिरीप टेबलावर आली तरी वारंवारता तेवढी सरकू शकते. त्यामुळे उपकरण बनवणं सोपं आहे. हे साठ हर्ट्झ कणांचेच आहेत याची खात्री करणं हेच खरं काम.

कण बनवणं

मॅग्नेटाइटमध्ये एका फेरस (दोन धन भारांच्या) लोहाला दोन फेरिक (तीन धन भारांचे) लोह असतात. तेच प्रमाण पाण्यात ठेवून अल्कली घातली की काळे कण खाली येतात. सहअवक्षेपण म्हणतात ती हीच पद्धत. एका खेपेसाठी:

फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.७० ग्रॅम
फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट १.३९ ग्रॅम
तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा मिलि
उकळून गार केलेलं डिस्टिल्ड पाणी ५० मिलि
२५ टक्के अमोनिया १२ मिलि
ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २ ग्रॅम
अ‍ॅसिटोन धुण्यापुरतं

यातून जास्तीत जास्त १.१६ ग्रॅम मॅग्नेटाइट निघू शकतं. धुताना थोडं जातंच, एक ग्रॅम हाती आलं तरी खेप चांगली समजा.

फेरस सल्फेटची बाटली आधी उजेडात धरून बघा. दाणे फिकट हिरवे हवेत. वर पिवळट-तपकिरी भुकटी चढली असेल तर त्या फेरसचं फेरिक झालेलं आहे. मग वजन कितीही अचूक केलं तरी प्रमाण चुकणार. पुण्याच्या पावसाळ्यात अर्धवट बंद राहिलेल्या बाटल्यांची हीच गत होते. फेरिक क्लोराइडचं उलट: ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं आणि मग २.७० ग्रॅममध्ये लोह कमी, पाणी जास्त येतं. दोन्ही बाटल्या धड असतील तर पुढचं निम्मं झालं.

पाणी उकळून गार करायचं ते त्यातला ऑक्सिजन जावा म्हणून. बोअरचं किंवा टँकरचं पाणी चालणार नाही, आरओचंही नको. त्यातले क्षार कणांना एकमेकांना चिकटवतात.

दोन्ही क्षार आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवा. नायट्रोजन असेल तर पंधरा मिनिटं बुडबुडे सोडा. नसेल तर फेरस सल्फेट १.५ ग्रॅम घ्या. जे थोडं हवेने खाल्लं जाईल त्याची भरपाई होते. द्रावण ७० अंशांपर्यंत तापवा आणि जोरात ढवळत ठेवा. ढवळायला वरून फिरणारा पंख्याचा स्टिरर किंवा काचेची कांडी घ्या. चुंबकी स्टिरर वापरायचा मोह सगळ्यांना होतो, पण अमोनिया पडल्याच्या दुसऱ्या मिनिटाला सगळे कण त्या पांढऱ्या गोळीला दाढीसारखे चिकटलेले दिसतात. मग ते खरवडत बसावं लागतं.

आता अमोनिया एकदम ओता. थेंब-थेंब नको. पहिल्या क्षणी गढूळ तपकिरी, लगेच काळं, असा रंग पलटायला हवा. पाच सेकंदांत काळं झालं नाही आणि विटकरी-तपकिरीच राहिलं तर दोनच कारणं संभवतात. एक, फेरस बिघडलेलं होतं. दोन, अमोनिया मेलेला होता. गणिताने साडेतीन मिलि पुरतो. आपण बारा घालतो ते याचसाठी. तरीही एप्रिल-मेमध्ये पुन्हा पुन्हा उघडलेल्या बाटलीतला अमोनिया इतका उडालेला असतो की बारा मिलिसुद्धा कमी पडतात. पीएच पट्टीने बघा, ९च्या वर हवा. अर्धा तास ७० अंशांवर ढवळत राहा.

चंचुपात्राच्या तळाशी चुंबक धरा. जुन्या हार्डडिस्कमधले चंद्रकोरीसारखे निओडिमियम चुंबक यासाठी उत्तम. पुण्याच्या जुन्या बाजारात मोडक्या हार्डडिस्क मिळतात. दोन चुंबक हातात घेताना बोटं सांभाळा, कातडी चिमटून रक्त काढतात. कण तळाशी बसले की वरचं पाणी ओता, नवं डिस्टिल्ड पाणी घाला, हलवा, पुन्हा बसवा. तीनदा. पीएच ७-८वर येईल. यातला पाचवा भाग वेगळ्या बाटलीत काढून ठेवा. हे उघडे कण, म्हणजे सायट्रेट न चढवलेले, पुढे एका वेगळ्या कामाला लागतील.

उरलेले कण ४० मिलि पाण्यात हलवा, त्यात सायट्रेट टाका आणि ८० अंशांवर एक तास ढवळा. सायट्रेट कणांना चिकटतं, त्यांना ऋण भार देतं आणि ते एकमेकांपासून दूर राहतात. उघडे कण पाण्यात दहा मिनिटांत खाली बसतात. सायट्रेटवाले कित्येक दिवस तरंगत राहतात.

इथे सगळ्यात महागडी चूक होते. सायट्रेट नीट चढलं की कण चुंबकाकडे लगेच जात नाहीत. तळाशी थोडे जाड गोळे बसतात आणि वर काळं पाणी तसंच राहतं. सवयीने तो वरचा काळा भाग सिंकमध्ये जातो, आणि आपण गोळे जपून ठेवतो. नेमकं उलटं हवं. वरचा भाग म्हणजेच चांगले, सुटे कण. त्यात दुप्पट अ‍ॅसिटोन घाला, कण फुटलेल्या दुधासारखे गोळा होऊन खाली येतील, मग चुंबकाने धरून वरचं ओता. दोनदा असं करून शेवटी ५० मिलि पाण्यात हलवून ठेवा. पाण्यात पुन्हा सहज पसरले तर सायट्रेट बसलं आहे. धुण्याचं अ‍ॅसिटोन आणि लोहाचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, मोरीत नाही.

बाटलीत प्रत्यक्ष किती आहे हे शोधायला दोन मार्ग आहेत. एक मिलि द्रावण वजन केलेल्या काचेच्या ताटलीत ११० अंशांवर सुकवून पुन्हा तोला. यात सायट्रेटचंही वजन येतं, म्हणजे आकडा थोडा फुगलेला. पक्कं हवं असेल तर मोजका भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून पूर्ण विरघळवा, हायड्रॉक्सिलअमीनने सगळं लोह फेरस करा, पीएच साधारण ४वर आणा आणि १,१०-फेनॅन्थ्रोलीन घालून ५१० नॅनोमीटरवर नारिंगी रंग मोजा. लोहाचं वजन ०.७२४ने भागलं की मॅग्नेटाइटचं वजन मिळतं. मूळ बाटलीचा आकडा चुकला तर पुढचा सगळा आलेख त्याच प्रमाणात चुकतो. म्हणून आळस नको, दुसरा मार्गच धरा.

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची तपासणी, करून घेता आलं तर कणांचा आकारही कळेल. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या संस्थांत आणि विद्यापीठात ही यंत्रं आहेत, मार्गदर्शकांमार्फत विचारा. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी ३५.५ अंशांजवळ सगळ्यात उंच शिखर दिसतं. शेररच्या सूत्राने त्याची निम्म्या उंचीवरची रुंदी ०.८३ अंश आली तर स्फटिक १० नॅनोमीटरचे. शिखर जितकं रुंद, कण तितके बारीक. मॅग्नेटाइट आणि त्याचं पुढे ऑक्सिडीकरण होऊन बनलेलं मॅघेमाइट यांत मात्र साधं एक्सआरडी सहजी फरक दाखवत नाही. त्यासाठी बाटलीचा रंग बघा: काळ्यावरून तांबूस तपकिरीकडे झुकला की मॅघेमाइट झालं समजायचं.

कॉइल

बाहेरून १२ मिलिमीटर, आतून ११ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी घ्या. नमुन्यासाठी १० बाय ७५ मिलिमीटरच्या काचनळ्या, त्या आत सैल सरकतात. तार ३६ गेज, इनॅमलची. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वाइंडिंग वायर म्हणून मागा. ती वजनावर मिळते आणि एका कॉइलला सात मीटर, म्हणजे दोन ग्रॅमसुद्धा लागत नाही. सगळ्यात लहान रीळ घेतलं तरी वर्षभर पुरेल.

२० मिलिमीटर लांबीत ९० फेरे, त्यावर दुसऱ्या थरात परतीचे ९०. दोन थरांच्या मधे पातळ टेपचा एक वेढा द्या. फेरे मोजून मारा, पण मोजताना दोन-चार चुकले तरी बिघडत नाही. बिघडतं ते सैल गुंडाळलं तर: बोट लागलं की फेरा हलतो आणि वीस हर्ट्झ जातात. शेवटी सगळ्यावर वाइंडिंगचं वार्निश किंवा पातळ इपॉक्सी लावून एक दिवस वाळू द्या. इंडक्टन्स १९० मायक्रोहेन्रीच्या आसपास आणि रोध चार ओहम भरतो. तारेची टोकं ब्लेडने खरवडून मगच सोल्डर करा. मल्टीमीटरने चारऐवजी अनंत दाखवलं तर इनॅमल निघालेलं नाही.

डोलवणारं सर्किट एका ७४एचसीयू०४ चिपवर होतं. तिच्या एका इन्व्हर्टरच्या, म्हणजे सिग्नल उलटा करणाऱ्या घटकाच्या, आउटपुटपासून १ किलोओहम, तिथून कॉइलचं एक टोक. कॉइलचं दुसरं टोक त्याच इन्व्हर्टरच्या इनपुटला. कॉइलच्या दोन्ही टोकांपासून जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला, एकेक ६.८ नॅनोफॅराडचा कपॅसिटर. वेगळा बायस रोध लागत नाही, कॉइलच तो रस्ता देते. पहिल्याचं आउटपुट दुसऱ्या इन्व्हर्टरमधून काढून मोजणीला न्या, म्हणजे मोजणीची वायर हलली तरी कॉइलला पत्ता लागत नाही. न वापरलेल्या चार इन्व्हर्टरची इनपुटं जमिनीला जोडा.

दुकानात ‘यू’ नसलेली ७४एचसी०४ सहज मिळते आणि दुकानदार ‘एकच आहे’ म्हणून देतो. एकच नाही. तिच्यात आत तीन पायऱ्या असतात, सिग्नलची वाढ (गेन) फार असते, आणि ती भलत्याच वारंवारतेवर किंवा दोन वारंवारतांमध्ये उड्या मारत डोलू शकते. ‘यू’वालीच आणा.

कपॅसिटर हा या सर्किटचा प्राण. दोन ६.८ नॅनोफॅराड एकापुढे एक म्हणजे ३.४, त्यानेच वारंवारता ठरते. ते सी०जी किंवा एनपीओ जातीचेच हवेत, नाहीतर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे. सी०जीची धारकता एका अंशाला फार तर दहा लाखांत तीस भाग बदलते, म्हणजे वारंवारतेत तीन हर्ट्झ. स्वस्त पिवळे-तपकिरी सिरॅमिक, बहुतेक एक्स७आर किंवा त्याहून वाईट, एका अंशाला याच्या कित्येक पट सरकतात; त्यांच्यावर पंखा लावला-बंद केला तरी आकड्यात दिसेल. बाहेरून सांगता येत नसेल तर गरम सोल्डरिंग आयर्न कपॅसिटरजवळ धरून वारंवारता बघा. पळत सुटली तर कपॅसिटर बदला.

५ व्होल्ट वेगळ्या रेग्युलेटरमधून द्या, लॅपटॉपच्या यूएसबीमधून नको. व्होल्टेज हललं की चिपचा उशीर बदलतो आणि वारंवारताही. सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, आतून अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावून एकाच ठिकाणी जमिनीला जोडा. कागद कॉइलपासून निदान दोन-तीन सेंटिमीटर दूर असू द्या. बिस्किटाचा पत्र्याचा डबा वापरू नका. तो लोखंडी असतो, आणि लोखंड नको म्हणून तर एवढा खटाटोप.

मोजायला अर्डुइनो ऊनो पुरे. सिग्नल पाच क्रमांकाच्या पिनला, फ्रीक्काउंट (FreqCount) नावाची लायब्ररी, मोजणीचा काळ १००० मिलिसेकंद. एका सेकंदाला एक आकडा, एक हर्ट्झच्या बारकाईने. दहा आकड्यांची सरासरी घ्या. ऊनोमधल्या मुख्य चिपचं घड्याळ क्वार्ट्झचं नसून सिरॅमिक रेझोनेटरचं असतं, तेही तापमानाबरोबर सरकतं. म्हणून कालचा १९८३४० आणि आजचा १९८३४० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पाच मिनिटांच्या आतले दोन आकडेच एकमेकांशी बोलू शकतात.

वाचन

सर्किट चालू करून अर्धा तास तसंच सोडा. मग एक काचनळी दोन मिलि साध्या पाण्याने भरा, ही कोरी नळी. दुसरी दोन मिलि नमुन्याने. द्रवाची उंची साडेतीन सेंटिमीटर येते आणि कॉइल दोन सेंटिमीटरची, म्हणून कॉइल द्रवाच्या मधोमध येईल असा अडसर नळीखाली ठेवा. अशाने एक-दोन थेंब कमी-जास्त झाले तरी फरक पडत नाही.

क्रम असा: पाणी, नमुना, पाणी. समजा आकडे आले १९८३४१, १९८२८६, १९८३३७. दोन पाण्यांची सरासरी १९८३३९, फरक ५३ हर्ट्झ. दोन पाण्यांमधला फरकही लिहून ठेवा. इथे तो चार हर्ट्झ आहे, म्हणजे तेवढ्या वेळात तापमानाने आकडा सरकला आणि सरासरीने तो सरकणं कापून टाकलं. हा फरक दहाच्या वर गेला तर वाचन फेकून द्या आणि पंखा, खिडकी, हाताची ऊब यांतलं काय ते शोधा.

रिकामी नळी कोरी म्हणून चालत नाही. पाणी जवळ आलं की फेऱ्यांमधली धारकता वाढते, वारंवारता खाली येते आणि चुंबकत्वाचा संबंध नसताना काही हर्ट्झ ‘सापडतात’. त्याच कारणाने नमुन्यात मीठ किंवा बफर असेल तर कोऱ्या नळीतही तेच मीठ, तोच बफर हवा. नळ्याही जुळवून घ्या: वीस-पंचवीस नळ्या एकाच पाण्याने भरून वाचा आणि एकमेकींपासून एका हर्ट्झच्या आत असलेल्या निवडून त्यांच्यावर खूण करा. खूण पेन्सिलची, काही काळ्या मार्करच्या शाईत लोहाचे ऑक्साइड असू शकतात. नमुना फ्रिजमधून काढला असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, थंड नळी कॉइललाच थंड करते.

आलेखासाठी मूळ द्रावणातून ५, २, १, ०.५, ०.२ आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलि अशी द्रावणं करा, प्रत्येकाची तीन वाचनं. सरळ रेष यायला हवी. वरच्या टोकाला ती वाकत असेल तर बहुतेक कण गोळा झालेत. खालच्या टोकाला ०.१ म्हणजे पाच-सहा हर्ट्झ, आणि नीट बांधलेल्या कॉइलवर ०.०५पर्यंत विश्वास ठेवता येतो. त्याखालचे आकडे दिसतात पण मोजू नयेत.

रेषेचा चढ अपेक्षेपेक्षा फार कमी आला, मिलिग्रॅमला दहा-पंधरा हर्ट्झच, तर पहिला संशय कणांच्या आकारावर घ्या. इतक्या बारीक कणांची ग्रहणक्षमता त्यांच्या आकारमानाबरोबर वाढते. ६ नॅनोमीटरचा कण १०च्या तुलनेत वजनाला पाचवा हिस्साच संकेत देतो. थंड पाण्यात केलेली खेप हमखास अशी बारीक येते, म्हणून वर ७० अंश सांगितले. मग कण मोठेच करावेत का? करा, पण १५ नॅनोमीटरच्या आसपास थांबा. त्यापुढे कणाच्या आतलं चुंबकत्व सेकंदाला दोन लाख वेळा उलटसुलट होण्याइतकं चपळ राहत नाही. तिथून आकार वाढवला की संकेत वाढायचा थांबतो आणि मग घटतो. असे कण हातातल्या चुंबकाला धावून जातात, पण कॉइलला त्यांचं पुरतं वजन कळत नाही. दुसरा संशय तपकिरी रंगावर: फेरस कमी पडलं असेल तर बाटलीत मॅग्नेटाइटबरोबर चुंबकत्व नसलेलं लोहाचं हायड्रॉक्साइडही आहे. ते वजनात मोजलं जातं, संकेतात येत नाही.

काय मोजाल

सगळ्यात लवकर जमणारा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपयोग म्हणजे कण टिकतात की बसतात हे बघणं. नळी कॉइलमध्ये ठेवून तासभर दर मिनिटाला आकडा नोंदवा. कण खाली बसायला लागले की कॉइलमधून निसटतात आणि वारंवारता हळूहळू पाण्याच्या आकड्याकडे चढते. उघडे कण दहा-पंधरा मिनिटांत चढ दाखवतील, सायट्रेटवाले सपाट राहतील. आता सायट्रेटवाल्या नळीत थोडं मीठ टाका, किंवा डिस्टिल्डऐवजी बोअरचं जड पाणी वापरून द्रावण करा: कॅल्शियम सायट्रेटला धरतं, कण गोळा होतात आणि चढ पुन्हा दिसू लागतो. पाणी किती जड आहे याचा हा ढोबळ सेन्सरच झाला. नेमका आकडा नको, पण टँकरचं आणि नळाचं पाणी शेजारी ठेवलं तर दोन रेघा वेगळ्या दिसतात. मधे मधे तापमानाचं सरकणं तपासायला दर दहा मिनिटांनी पाण्याची नळी घालून बघायला विसरू नका.

दुसरा उपयोग कागदाच्या पट्टीचा. गर्भचाचणीच्या पट्टीवर जशी रंगीत रेघ येते तशा पट्टीत सोन्याच्या कणांऐवजी चुंबकीय कण घातले, तर कागदाच्या पोटात अडकलेलेही मोजता येतात. रंग फक्त पृष्ठभागावरचा दिसतो. अँटिबॉडी विकत न घेता हे तत्त्व बघायचं असेल तर गाळणकागदाचा तुकडा अर्धा टक्का कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनणारं द्रव्य), एक टक्का अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवलेल्या, द्रावणात बुडवून वाळवा. कायटोसानवर धन भार असतो, सायट्रेटच्या कणांवर ऋण, म्हणून ते एकमेकांना धरतात. त्यावर ५ मिलिग्रॅम प्रति मिलिचं २०० मायक्रोलिटर सोडा, पाच मिनिटं थांबा, पाण्यात तीनदा बुडवून धुवा, वाळवा, गुंडाळून नळीत घाला. शेजारी साधा गाळणकागद अगदी तसाच करा. दोन्हींच्या फरकातून कायटोसानने धरलेले कण मिळतात. साधा कागदही थोडे कण अडवून ठेवतोच, आणि ती कोरी पट्टी नसेल तर तुमचा आकडा कुणी मान्य करणार नाही. या मोठ्या कॉइलला पट्टीवर निदान शे-दोनशे मायक्रोग्रॅम कण लागतात. खऱ्या पट्टीसाठी कॉइल पट्टीइतकीच अरुंद करावी लागेल.

तिसरा उपयोग कॉइलचा नाही, बाजूला ठेवलेल्या उघड्या कणांचा आहे. मॅग्नेटाइटचे कण पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखं वागतात हे २००७ साली दाखवलं गेलं. हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर ते टीएमबी नावाच्या रंगहीन द्रव्याला निळं करतात. दुधात टिकवण्यासाठी पेरॉक्साइड घातलंय का, हे बघायला प्रोजेक्टवाले याकडे वळतात. पीएच ३.६ ते ४चा अ‍ॅसिटेट बफर, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम कण, पाऊण मिलिमोलर टीएमबी, ४० अंश, वीस मिनिटं. मग चुंबकाने कण बाजूला काढून ६५२ नॅनोमीटरवर निळा रंग. दूध तसंच घातलं तर या पीएचला त्यातलं केसिन हे प्रथिन फुटून सगळं गढूळ होतं. आधी थोड्या आम्लाने दूध फाडा, गाळा, निवळीवर चाचणी करा.

आणि एक खाच: गोठ्यातून आलेल्या कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज हे स्वतःचं एन्झाइम असतंच. पाश्चरायझेशनच्या नेहमीच्या तापमानाला, ७२ अंश पंधरा सेकंदांना, ते मरत नाही. पेरॉक्साइड असेल तर तेही टीएमबीला रंग देऊ शकतं आणि तुमचे कण फुकट श्रेय घेतात. तीच निवळी, कणांशिवाय, शेजारी ठेवल्याशिवाय या चाचणीतून काहीही सिद्ध होत नाही. दुसरीकडे, दुधातलं कॅटलेज हे दुसरं एन्झाइम पेरॉक्साइड खाऊन टाकत असतं. सकाळी घातलेलं संध्याकाळी सापडेलच असं नाही.

कॉइलने चुंबकीय कण शोधण्याचं हेच तत्त्व रुग्णालयांतही आलं आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली लसिकाग्रंथी शोधायला किरणोत्सारी द्रव्याऐवजी लोहऑक्साइडचे कण टोचतात आणि हातातल्या चुंबकी प्रोबने त्यांचा माग काढतात. असं एक द्रव्य अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. तिथले कण निर्जंतुक आणि तपासलेले असतात. आपल्या बाटलीतले कण पोटात, जखमेवर किंवा सुईत कुठेही जाऊ देऊ नका.

कॉइलला शंभर मायक्रोग्रॅम लागतात, पण काही थोडेच कण मोजायचे असतील तर जीएमआर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स) पट्ट्यांकडे वळावं लागतं. चुंबकीय क्षेत्राने रोध बदलणारे हे अतिपातळ धातूथर. १९८८ साली तो परिणाम सापडला आणि फर्ट व ग्र्युनबर्ग यांना त्यासाठी २००७चं नोबेल मिळालं. तयार जीएमआर चिप विकत मिळते, पण तिथे कण चिपच्या पृष्ठभागापासून काही मायक्रॉनांच्या आत आणावे लागतात, बाहेरून क्षेत्र द्यावं लागतं आणि ते क्षेत्र चिपच्या संवेदनशील दिशेला अचूक काटकोनात ठेवावं लागतं. नाहीतर बाहेरच्या क्षेत्रातच कणांचा आवाज बुडतो. आधी ही कॉइल महिनाभर चालवा, पाणी-नमुना-पाणी हा क्रम हाताच्या सवयीचा होऊ द्या, मग जीएमआर चिप विकत घ्या.